असईचा वेलस्ली पंतप्रधान म्हणून खरंच अपयशी होता का?

प्रश्न असा आला आहे: "सर, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे असईच्या लढाईतलाच आर्थर वेलस्ली ना? आमच्या नोट्समध्ये त्याच्या पंतप्रधानपदावर एकच ओळ आहे: उत्तम सेनापती, अपयशी पंतप्रधान, संसदीय सुधारणांना विरोध केल्यामुळे 1830 मध्ये पायउतार. हे बरोबर आहे का? आणि मुळात इतका कर्मठ टोरी माणूस 1829 चा कॅथलिक मुक्ती कायदा कसा काय करतो?"

माणूस तोच. नोट्समधली ओळ खोटी नाही, पण तिला फक्त नोव्हेंबर 1830 दिसतो. त्याआधीची पावणेतीन वर्षं तिने गिळून टाकली आहेत. मी तीस वर्षं पदवीच्या वर्गांना आधुनिक इंग्लंडचा इतिहास शिकवला, आणि वेलिंग्टनपाशी जितक्या वेळा आलो तितकं माझं एक मत घट्ट होत गेलं. लढाया त्याने पुष्कळ जिंकल्या, पण राज्यकर्ता म्हणून त्याच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम म्हणजे एक माघार. ती त्याने वेळ निवडून, आकडेमोड करून आणि स्वतःच्याच माणसांच्या शिव्या खात घेतली. 1829 ची ती माघार, म्हणजे कॅथलिकांना संसदेत बसू देणारा कायदा, नीट समजली की 1830 चं पतन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात असईपासूनच करू या. 23 सप्टेंबर 1803. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्या जिथे एकमेकींकडे झुकतात, त्या पट्ट्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य होतं. शिंद्यांच्या कवायती पलटणींचं नेतृत्व पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होतं. तोफा शंभराच्या आसपास होत्या आणि घोडदळ अफाट. वेलस्लीकडे सात हजारांच्या आसपास कंपनीची आणि राजाची फौज होती. शिवाय म्हैसूरचं आणि पेशव्यांच्या बाजूचं घोडदळ होतं. समोरून केळणा ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. बाजूने कुठे उतार आहे का, असं त्याने वाटाड्यांना विचारलं. उतार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव, आणि बरोबर समोर पलीकडच्या काठावर दुसरं गाव. तेवढ्यावरून त्याने ठरवलं की दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. माणूस पाठवून खात्री केली, उतार सापडला आणि फौज तिथून पार झाली.

मी विद्यार्थ्यांना घेऊन त्या काठावर चार-पाच वेळा गेलो आहे. पात्र काही फार मोठं नाही. पण गावाकडची पोरं तिथे उभी राहिली की त्यांना ती गोष्ट एका क्षणात पटते. समोरच्या गावात मामा राहत असेल तर नदीला उतार असतोच, हे त्यांना सांगावं लागत नाही. वेलस्लीची बुद्धी या जातीची होती. समोर दिसणाऱ्या साध्या खुणेवरून तो न दिसणारी गोष्ट ताडायचा. पुढे लंडनमध्ये तिने त्याला एकदा तारलं आणि एकदा दगा दिला.

त्या दिवशी त्याची सुमारे 1,600 माणसं मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफांपाशीच ते मेले. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला उतारवयात विचारलं गेलं की लढाईत तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती. त्याने एका शब्दात उत्तर दिलं: असई. आपल्याला तो शब्द वेगळा लागतो, आणि लागावाही. पाठोपाठ नोव्हेंबरात अकोल्याकडचं अडगाव, डिसेंबरात गाविलगड, मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथले तह. त्या चार महिन्यांत दख्खनमधली मराठ्यांची ताकद त्याने जी मोडली, ती पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. त्याच्याकडे तटस्थपणे बघा असा माझा आग्रह नाही. त्याला समजून घ्या एवढंच म्हणतो.

आता थोडं भरभर. 1805 मध्ये तो भारतातून गेला. 1807 मध्ये आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी झाला, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मग स्पेन-पोर्तुगालमधली सहा वर्षं, 1814 मध्ये ड्यूक, 18 जून 1815 ला वॉटर्लू. 1818 च्या अखेरीस लॉर्ड लिव्हरपूलच्या मंत्रिमंडळात आला. लिव्हरपूलने जवळजवळ पंधरा वर्षं राज्य चालवलं, आणि कॅथलिकांच्या प्रश्नावर मंत्र्यांनी आपापलं मत ठेवावं, सरकारने त्यावर भूमिका घेऊ नये, अशी तडजोड करून टोरी पक्ष, म्हणजे राजा आणि प्रोटेस्टंट चर्चची बाजू धरणारा जुन्या वळणाचा पक्ष, एकत्र ठेवला. 1827 मध्ये लिव्हरपूलला पक्षाघात झाला, कॅनिंग आला आणि चार महिन्यांत वारला, गोडरिच आला आणि संसदेला तोंड न देताच गेला. 22 जानेवारी 1828 ला राजाने वेलिंग्टनला बोलावलं.

कॅथलिकांचा प्रश्न काय होता, ते थोडक्यात. 1801 पासून आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झालेलं होतं. तिथली बहुसंख्य जनता कॅथलिक. पण खासदार व्हायचं तर जी शपथ घ्यावी लागे, तिच्यात कॅथलिक श्रद्धेचा निषेध होता. म्हणजे कॅथलिकाला मत देता येई, निवडून मात्र जाता येत नसे. विलीनीकरणाच्या वेळी थोरल्या पिटचा मुलगा, पंतप्रधान धाकटा पिट, ही अडचण दूर करणार होता. तिसऱ्या जॉर्जने राज्याभिषेकाच्या शपथेचं कारण देऊन ते अडवलं आणि पिटने राजीनामा दिला. तेव्हापासून प्रश्न कुजत पडला होता. 1823 मध्ये डॅनियल ओ'कॉनेलने कॅथलिक असोसिएशन काढली आणि महिन्याला एक पेनी वर्गणी ठेवली. पेनी गरीब शेतकऱ्यालाही परवडायची, आणि ती देणारा प्रत्येक जण चळवळीचा माणूस व्हायचा. वर्गणीतून जनआंदोलन कसं उभं राहतं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता 1828 मधली साखळी बघा. परीक्षेत ही सहसा विचारत नाहीत, पण सगळं मर्म हिच्यात आहे. ईस्ट रेटफर्ड नावाचा एक भ्रष्ट मतदारसंघ होता. त्याची जागा काढून बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराला द्यावी की नाही, यावर मंत्रिमंडळात फाटलं. हस्किसन आणि त्याच्यासोबतचे कॅनिंगचे अनुयायी मे महिन्यात बाहेर पडले. रिकाम्या झालेल्या व्यापार खात्यावर वेलिंग्टनने व्हेसी फिट्झजेराल्डला घेतलं. त्या काळी मंत्रिपद मिळालं की मतदारसंघातून पुन्हा निवडून यावं लागे. फिट्झजेराल्डचा मतदारसंघ होता आयर्लंडमधला क्लेअर. तो चांगला जमीनदार होता, कॅथलिकांच्या बाजूचाही होता. तरी ओ'कॉनेल स्वतः उभा राहिला आणि जुलैत दुपटीहून जास्त मतांनी निवडून आला. कुळांनी जमीनदारांचं न ऐकता, पाद्र्यांच्या मागे रांगा लावून शिस्तीत मतदान केलं. कुठे दंगा नाही, कुठे दारू नाही. दंगा झाला असता तर वेलिंग्टन काळजीत पडला नसता. दंगा कसा मोडायचा हे त्याला ठाऊक होतं. शिस्तीने मात्र त्याला धास्ती भरवली, कारण शिस्तीची किंमत त्याच्याइतकी कोणाला कळणार?

इथे त्याची ती जुनी नजर कामाला आली. एका क्लेअरवरून त्याने पुढची सार्वत्रिक निवडणूक ताडली. मतदारसंघामागून मतदारसंघ कॅथलिक उमेदवार निवडून येणार, त्यांना संसदेत बसता येणार नाही, आणि मग आयर्लंड लंडनच्या हातात राहणार नाही. सैन्य घालायचं म्हटलं, तर त्या सैन्यातच आयरिश कॅथलिक किती आहेत हे त्याला पाठ होतं. पुढे त्याने उमरावांच्या सभागृहात सांगितलं की एक महिन्याचं यादवी युद्ध टाळण्यासाठी मी स्वतःचा प्राणही देईन. युद्ध कधी न पाहिलेल्या माणसाने असं म्हटलं असतं तर ते भाषण झालं असतं.

मत बदलल्यावर त्याने काय केलं? गप्प बसला. 1828 चा सगळा हिवाळा तो कागद तयार करत होता, राजाला थोडं थोडं कानावर घालत होता, आणि पक्षाला पत्ता लागू देत नव्हता. गृहमंत्री रॉबर्ट पील हा कॅथलिकविरोधकांचा आशास्थान. त्याने आधी राजीनामा देऊ केला, पण ड्यूकला आपली गरज आहे हे दिसल्यावर तो थांबला. 5 फेब्रुवारी 1829 ला राजाच्या अभिभाषणात घोषणा झाली आणि टोरी पक्ष हादरला. पीलने ऑक्सफर्ड विद्यापीठाची आपली जागा सोडून पुन्हा कौल मागितला आणि तो हरला.

राजा तर आणखी कठीण. 4 मार्चला विंडसरला वेलिंग्टन, पील आणि लॉर्ड चॅन्सेलर लिंडहर्स्ट चौथ्या जॉर्जसमोर पाच तास बसले. राजा ब्रँडी-पाणी घेत होता, रडत होता, शपथेचं कारण सांगत होता. शेवटी त्याने तिघांचे राजीनामे स्वीकारले, निरोपाचं चुंबन घेतलं आणि मंडळी लंडनला परतली. त्या रात्री काही तास ब्रिटनला सरकार नव्हतं म्हटलं तरी चालेल. दुसरं सरकार बनवायला कोणी नाही हे राजाच्या लक्षात आलं आणि त्याच रात्री त्याने संमतीची चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या दिवशी पीलने कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, विधेयकासाठी चार तास भाषण केलं.

आणि मग ते द्वंद्व. लॉर्ड विंचिल्सी या कडव्या प्रोटेस्टंट उमरावाने जाहीर पत्र लिहिलं की लंडनमधलं किंग्ज कॉलेज उभारण्याचा ड्यूकचा पुढाकार हे ढोंग आहे, त्याआड तो पोपची सत्ता आणतोय. ड्यूकने माफी मागायला सांगितलं, ती मिळाली नाही. 21 मार्च 1829 च्या सकाळी बॅटर्सीच्या मैदानात देशाचा पंतप्रधान, वय वर्षं एकोणसाठ, पिस्तूल घेऊन उभा राहिला. त्याचा साक्षीदार होता हेन्री हार्डिंग. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी लिन्यीला त्याने डावा हात गमावला होता, एका हाताने पिस्तूल भरता येईना, म्हणून ते काम डॉक्टरला करावं लागलं. (हाच हार्डिंग पुढे भारताचा गव्हर्नर जनरल झाला, पहिल्या शीख युद्धाच्या वेळचा.) ड्यूकने बाजूला गोळी झाडली, विंचिल्सीने हवेत, आणि मग लेखी माफी आली. लोकमत यावर दुभंगलं, पण बाहेर एक गोष्ट पोहोचली: हा माणूस या कायद्यासाठी जिवावर उदार झाला आहे.

कॉमन्समध्ये विधेयक 320 विरुद्ध 142 ने पार पडलं. उमरावांच्या सभागृहात दुसऱ्या वाचनाला 217 विरुद्ध 112. चारच वर्षांपूर्वी याच सभागृहाने असं विधेयक फेटाळलं होतं. आकडा फिरला तो ड्यूकच्या वजनाने. एखादा व्हिग, म्हणजे टोरींच्या विरोधी पक्षाचा, पंतप्रधान असता तर ते 105 चं मताधिक्य त्याला मिळालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. 13 एप्रिलला राजाची सही झाली.

या माघारीला किंमत होती, आणि ती आयर्लंडच्या गरीब मतदाराने मोजली. त्याच वेळी तिथला मताधिकार चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेला. दोन लाखांहून जास्त मतदार होते ते चाळीस हजारांच्या आत आले. क्लेअर ज्यांनी जिंकून दिलं, त्यांचंच मत गेलं. ओ'कॉनेललाही जुनी शपथ घ्या नाहीतर पुन्हा निवडून या असं सांगण्यात आलं, कारण कायदा पूर्वलक्षी नव्हता. त्याने शपथ नाकारली, पुन्हा क्लेअरला गेला आणि बिनविरोध आला. हा कोतेपणा वेलिंग्टनच्या सरकारला टाळता आला असता. तो टाळला असता तर आयर्लंडमध्ये थोडी कृतज्ञता तरी उरली असती.

याच कारकिर्दीत पीलने लंडनचं पोलीस दल उभं केलं, सप्टेंबर 1829 पासून. श्रेय पीलचं. आणि एक सूचना: डिसेंबर 1829 चा सतीबंदीचा नियम या काळात आला म्हणून उत्तरात तो वेलिंग्टनच्या खात्यावर टाकू नका. तो बेंटिंकचा आहे, आणि बेंटिंकची नेमणूक वेलिंग्टन येण्याआधीच झाली होती.

आता पतन. कडवे टोरी ड्यूकला माफ करायला तयार नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी तर उलटाच तर्क मांडला: ही संसद इतक्या सहज प्रोटेस्टंट राज्यघटना विकते, कारण ती मूठभर जमीनदारांच्या खिशातल्या मतदारसंघांवर उभी आहे, मग संसदच सुधारा. कर्मठांमधून सुधारणावादी निघाले ते असे. दुसरीकडे हस्किसनची माणसं 1828 मध्येच गेलेली. म्हणजे दोन्ही पंख तुटलेले.

जून 1830 मध्ये राजा वारला, निवडणूक झाली, पॅरिसमध्ये जुलै क्रांती झाली. आणि 15 सप्टेंबरला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन. पंतप्रधान खास डब्यात होता. पार्कसाइडला इंजिन पाणी घ्यायला थांबलं, उतरू नका असं सांगूनही लोक रुळांवर उतरले. हस्किसन ड्यूकच्या डब्याकडे आला. दोघांनी हात मिळवले. दोन वर्षांचा दुरावा मिटायची ती वेळ होती. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून स्टीफन्सनचं 'रॉकेट' इंजिन आलं. हस्किसनने डब्याचं दार धरलं, दार झोक्यासारखं बाहेर फिरलं, तो रुळावर पडला आणि त्याचा पाय चिरडला. रात्री तो गेला. गाडी तरीही मँचेस्टरला नेली, आणि तिथे विणकरांच्या जमावाने पंतप्रधानाचं स्वागत दगडांनी आणि तिरंगी फ्रेंच निशाणांनी केलं. तो डब्यातून खाली उतरलाच नाही.

मला वाटतं त्याचं चुकलं ते इथे. मँचेस्टरला संसदेत एकही जागा नव्हती, आणि ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीला दोन होत्या. क्लेअरवरून आयर्लंड ताडणाऱ्या माणसाला मँचेस्टरवरून इंग्लंड ताडता आलं नाही. आयर्लंड त्याच्या माहितीचं होतं. तो जन्मला डब्लिनमध्ये, तिथे त्याने कारभार केला होता. गिरण्यांची नवी शहरं त्याच्या ओळखीची नव्हती. त्यांच्यात त्याला फक्त जमाव दिसला.

2 नोव्हेंबर 1830 ला उमरावांच्या सभागृहात त्याने सांगितलं की सध्याच्या संसदेहून चांगली संसद माणसाला रचता येणार नाही, आणि मी पदावर आहे तोवर सुधारणेला विरोध करीन. सभागृहात कुजबुज उठली. मतदारसंघांत थोडी फेरमांडणी करतो एवढं जरी बोलला असता तरी मधले खासदार त्याच्याकडे आले असते. लंडनमध्ये दंग्याची भीती इतकी की 9 तारखेची लॉर्ड मेयरची मेजवानी रद्द करावी लागली. 15 नोव्हेंबरला राजघराण्याच्या खर्चाच्या प्रश्नावर सरकार 233 विरुद्ध 204 ने हरलं, आणि विरोधात मत देणाऱ्यांत 1829 चा राग धरून बसलेले टोरी होते. दुसऱ्या दिवशी राजीनामा. म्हणजे नोट्समधलं "सुधारणांना विरोध केल्यामुळे" हे कारण बरोबर आहे, पण मोडायला आलेलं खोड त्याआधीच दोन्ही बाजूंनी चिरलेलं होतं, आणि त्यातली मोठी चीर त्याच्या सर्वांत चांगल्या कामाने पडली होती.

पुढचं थोडक्यात. 1831 मध्ये जमावाने हाइड पार्कजवळच्या त्याच्या घराच्या, ॲप्सली हाउसच्या, खिडक्या फोडल्या. पहिल्यांदा फोडल्या तेव्हा त्याची बायको नुकतीच वारली होती आणि तिचं शव घरातच होतं. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. मे 1832 मध्ये राजाने त्याला पुन्हा सरकार बनवायला सांगितलं, ते जमलं नाही. मग तो स्वतः आणि त्याच्यासोबतचे टोरी उमराव मतदानाला आलेच नाहीत, आणि सुधारणा कायदा पार पडला. ही दुसरी माघार, उशिरा घेतलेली. 1834 मध्ये पील इटलीहून परत येईपर्यंत तीन आठवडे त्याने पंतप्रधानपद आणि इतर खाती एकट्याने सांभाळली.

त्याच्या वारशाबद्दल विचारलं असेल तर मी 1846 कडे बोट दाखवीन. परदेशी धान्यावर जकात लावणारे धान्य कायदे रद्द करायचं पंतप्रधान पीलने ठरवलं. ड्यूकला ते पटलेलं नव्हतं. पण राणीचं सरकार चाललं पाहिजे, हे त्याचं जुनं सूत्र, आणि 1829 चा अनुभव गाठीशी. उमरावांना त्याने समजावलं की राजसत्ता आणि कॉमन्स एका बाजूला असताना हे सभागृह एकटं काही करू शकत नाही. विधेयक मे महिन्यातल्या एका लांबलेल्या रात्री दुसऱ्या वाचनात पार पडलं. बाहेर उजाडलं होतं. कामावर निघालेले मजूर दाराशी जमले होते, त्यांनी सत्याहत्तर वर्षांच्या ड्यूकला पाहिलं आणि देव तुमचं भलं करो म्हणून जयजयकार केला. पंधरा वर्षांपूर्वी लंडनच्या अशाच गर्दीने त्याच्या काचा फोडल्या होत्या. तो म्हणाला, बाबांनो, मला आधी घोड्यावर तरी बसू द्या.